पाव थ्रॉटल

जखमेवर लावायची पांढरी चिकटपट्टी घ्यायची. एक तुकडा मोटरसायकलच्या थ्रॉटलच्या, म्हणजे वेग वाढवायच्या, मुठीवर, दुसरा तिला लागून असलेल्या स्विचच्या पेटीवर. मूठ सैल असताना दोन्हींवरून सरळ एक रेघ ओढायची. मग मूठ पार शेवटपर्यंत पिळून दुसरी रेघ, आणि मधल्या जागेचे अंदाजाने चार भाग. पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण. झालं यंत्र तयार.

हे मला माझ्या मिस्त्रींनी, तात्यांनी, करायला लावलं, २०११ च्या सुरुवातीला. म्हणाले, "आठवडाभर अशीच चालव. कुठली रेघ किती येळा येती ती बघ, मग बोलू."

माझं तेव्हा रोजचं जाणं-येणं कासारवडवली ते महापे. घोडबंदर रोडने मानपाडा, कापूरबावडी, माजिवडा, मग कळव्याचा पूल, विटावा, दिघा, ऐरोली, रबाळे, घणसोली. आठवडाभर मी रस्त्याकडे कमी आणि चिकटपट्टीकडे जास्त बघत होतो, त्यात दोनदा रिक्षावाल्यांच्या शिव्या खाल्ल्या. शनिवारी हिशेब मांडला. पावची रेघ ओलांडायची ती फक्त ऐरोलीच्या पुढे, रस्ता जरा मोकळा मिळाला की. अर्ध्याची रेघ आठवड्यात तीनदा आली, त्यातली एक वेळ कंटेनरला मागे टाकताना. पाऊणच्या रेघेला मूठ एकदाही पोचली नाही.

आणि त्याआधी वर्षभर मी जो जेट, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरमधला बारीक भोकाचा तुकडा, बदलत बसलो होतो, त्याचं राज्य पाऊण थ्रॉटलच्या पुढेच सुरू होतं.

गाडी म्हणजे बुलेट. ३५०, १९९८ ची, ओतीव लोखंडी ब्लॉकची, उजव्या पायाला गिअर आणि डाव्या पायाला ब्रेक असलेली. ७० मिलिमीटरचा बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास, ९० चा स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव, कागदावर १८ हॉर्सपॉवर. २००९ मध्ये नौपाड्यातल्या एका निवृत्त गृहस्थांकडून घेतली. त्यांनी किल्ली देताना एकच सांगितलं, "कार्बोरेटरला हात लावू नका, बाकी काय करायचं ते करा." मी बाकी सगळं केलं, आणि त्यातूनच कार्बोरेटरला हात लावायची वेळ आली.

सायलेन्सरची नावं ऐकली तरी भूक लागावी. शॉर्ट बॉटल, लाँग बॉटल, गोल्डस्टार, डॉल्फिन, पंजाब, इंदौरी. दुकानदार एकेक हातात देतो आणि आवाज तोंडानेच काढून दाखवतो. मामलेदारला मिसळ सांगताना कमी, मध्यम, तिखट असं विचारतात, थेट तोच सूर. मी तिखट घेतली. आत नावाला एक जाळी, थोडी काचेची लोकर, बाकी सरळ नळी. शिवाय "साहेब, सायलेन्सर टाकताय तर फिल्टरपण टाका, नाहीतर उपयोग नाही" म्हणून एक शंकूच्या आकाराचा लाल कापडी फिल्टर. कंपनीचा हवेचा डबा काढून त्याने एका पिशवीत घालून दिला. तो डबा मी माळ्यावर टाकला. टाकला आणि फेकला नाही, हे त्या सगळ्या काळातलं माझं एकमेव शहाणपण.

पहिले पंधरा दिवस मी हवेत होतो. सोसायटीच्या गेटमधून आत शिरलो की पार्किंगमधल्या दोन गाड्यांचे अलार्म वाजायचे. आई म्हणाली, "जेवण गरम करायला घ्यावं की नाही ते आता फोन न करता कळतं." मी ते कौतुक समजलो.

गाडी मात्र काहीतरी वेगळं सांगत होती. मूठ सोडली की सायलेन्सरमधून फट-फट-फटाक. सिग्नलला उभी असताना रेस मध्येच वर चढून तिथेच लटकायची, मग कधीतरी खाली यायची. सिग्नल सुटल्यावर मूठ पिळली की आधी एक आवंढा गिळायची, मग उचलायची. मला वाटलं, स्पोर्टी गाडीचे असेच नखरे असणार. मित्र म्हणाला, "मेन जेट मोठा टाक." टाकू म्हटलं, आणि टाकला नाही.

दिवाळीनंतर आम्ही तिघं नाशिकला निघालो. पडघ्याच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला, थंडी होती, मी आयुष्यात पहिल्यांदाच त्या गाडीची मूठ शेवटपर्यंत पिळून बराच वेळ सलग धरली. ऐंशी-पंच्याऐंशीचा वेग. आधी इंजिनातून बारीक टिंग-टिंग ऐकू येऊ लागलं, म्हणजे आता आठवतं की येत होतं, तेव्हा सायलेन्सरच्या गर्जनेत ते कुठे कळायला. मग गाडी जड झाली, जणू मागून कोणी धरली. मी अजून पिळली. शहापूरच्या अलीकडे मागचं चाक कचकन अडकलं आणि काळा पट्टा ओढत गेलं. क्लच दाबला गेला तो माझ्या हुशारीने नाही, भीतीने हाताची मूठ वळली म्हणून. गाडी कडेला जाऊन थांबली. एकदम शांतता. तापलेल्या लोखंडाचा कट-कट आवाज आणि जळक्या तेलाचा वास. पिस्टन जाम.

तासाभराने किक खाली गेली. पण सिलिंडरला ओरखडे पडले होते ते पडलेच.

*

हे का झालं, ते मला नंतर कळलं, आणि ज्या दिवशी कळलं त्या दिवशी त्या यंत्रावर माझं प्रेम बसलं.

लहानपणी घरात डासांसाठी फ्लिटचा पंप असायचा. दांडा दाबला की हवा एका बारीक नळीच्या तोंडावरून वेगाने जायची आणि डब्यातलं औषध आपोआप वर येऊन फवारा व्हायचा. औषधाला कोणी ढकलत नाही. वेगाने जाणाऱ्या हवेचा दाब कमी होतो आणि डब्यातल्या औषधावर मात्र बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब असतो. त्या फरकावर ते चढतं. बर्नुलीने हे गणित १७३८ मध्ये लिहिलं, व्हेंचुरीने अरुंद होत जाणाऱ्या नळीचे प्रयोग १७९७ मध्ये छापले. कार्बोरेटर म्हणजे हाच फ्लिटचा पंप, फक्त दांड्याच्या जागी पिस्टन. माझ्या गाडीला मिक्कार्बचा व्हीएम २४ होता, म्हणजे घसा २४ मिलिमीटरचा. खाली वाटी, वाटीत फ्लोट, आणि वाटीतल्या पेट्रोलवर बाहेरच्या हवेचा दाब.

आता कंपनीचा हवेचा डबा बघा. तो इंजिनाला थोडा गुदमरवतो. त्या गुदमरण्यामुळे कार्बोरेटरच्या घशातला दाब अजून जरा उतरतो आणि पेट्रोल थोडं जास्त ओढलं जातं. कंपनीने ९० नंबरचा मेन जेट ठरवला तो हे धरूनच. मी डबा काढला. हवा वाढली, आणि पेट्रोल ओढणारा दाबातला फरक कमी झाला. म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, दोन्ही बाजूंनी मार. त्यात मोकळा सायलेन्सर जळका धूर लवकर बाहेर काढणार, म्हणजे आत ताज्या हवेला अजून जागा. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते, तेव्हा सगळं नीट जळतं. पूर्ण ताकद हवी असेल तर साडेबारा-तेरा भाग, म्हणजे पेट्रोल जरा जास्त. ते जास्तीचं पेट्रोल जळायला थोडं आणि गारवा द्यायला थोडं. माझ्या गाडीला तो गारवाच मिळत नव्हता. लोखंडी ब्लॉक, वाऱ्यावर थंड होणारं इंजिन, पिस्टन ॲल्युमिनियमचा, तो लोखंडापेक्षा जास्त फुगतो. फुगला आणि बसला.

इथे एक भोळी समजूत मध्येच सांगून टाकतो, कारण प्रत्येक पार्किंगमध्ये ती ऐकू येते. "बॅक प्रेशर पाहिजे, नाहीतर गाडी ओढत नाही." अडथळा कुठल्याच इंजिनाला नको असतो. नळीतून जो धक्का जातो त्याची लाट परत येते, ती वेळेवर आली तर सिलिंडर साफ करते आणि अवेळी आली तर धूर पुन्हा आत लोटते. कंपनीचा सायलेन्सर ती वेळ साधारण जमवून देतो. रस्त्यावरच्या दुकानात विकली जाणारी सरळ नळी कुठलीही वेळ जमवायच्या भानगडीत पडत नाही. आवाज मोठा म्हणजे ताकद मोठी, हे आपल्या कानाने परस्पर ठरवलेलं असतं.

*

तात्या मूळचे साताऱ्याकडचे, पण आयुष्य कळव्यात गेलेलं. खारेगावच्या बाजूला पत्र्याचं गॅरेज, दोन गाड्या आत आणि पाच बाहेर. मी जाम झालेली गाडी टेम्पोतून नेली तेव्हा त्यांनी इंजिनाकडे बघितलंच नाही. फिल्टरकडे बोट केलं. "डबा कुठं हाय?"

"माळ्यावर."

"मग गाडीबी माळ्यावरच ठेवायची हुती."

वागळे इस्टेटमधल्या लेथवर ब्लॉक बोअर करून आणला, एक साईज वरचा पिस्टन बसवला. पुढचे काही महिने रनिंग-इन, म्हणजे नवा पिस्टन रुळेपर्यंत वेग पन्नासच्या आत. भीती एवढी बसली होती की मी मित्राचं ऐकून ९० चा मेन जेट काढून थेट ११० चा टाकला. आता पेट्रोल कमी पडणार नाही, म्हटलं. पडलं नाहीही. पण सिग्नलवरचा आवंढा तसाच, लटकणारी रेस तशीच, फटफटाक तसंच. मग १०० टाकून बघितला, मग परत ११०. प्रत्येक वेळी वाटीचे चार स्क्रू, हाताला पेट्रोलचा वास, आणि फरक काहीच नाही. शेवटी तात्यांकडे गेलो आणि त्यांनी ती चिकटपट्टी लावायला सांगितली.

शनिवारी मी हिशेब दाखवला तेव्हा त्यांनी एक जुना कार्बोरेटर हातात घेतला आणि मूठ पिळल्यासारखा त्याचा स्लाईड, म्हणजे घशातला सरकता पडदा, वर-खाली केला. स्लाईड जेमतेम उचलला असेल तेव्हा पेट्रोल येतं ते स्लो जेटमधून. पावच्या आसपास स्लाईडची खालची तिरकी कड किती कापली आहे त्याचा वाटा. पाव ते पाऊण, स्लाईडला लटकलेली निमुळती सुई, म्हणजे निडल, जशी वर सरकते तसं. आणि पाऊणच्या पुढे निडल इतकी वर गेलेली असते की अडवायला उरतो फक्त तळाचा मेन जेट. या हद्दी काटेकोर नसतात, एकमेकींत मिसळतात, पण ज्याचं त्याचं राज्य असतंच. मी तळघरातला नळ बदलत होतो आणि तक्रार करत होतो की गच्चीवर पाणी येत नाही.

"तू मेन जेटवर गाडी चालवतोस कधी?" तात्या म्हणाले. "नाशिकला गेला तवा. त्याचं बिल भरलंस. बाकी सगळा येळ तू स्लो जेटवर हायस."

एवढंच. पण घोडबंदर रोडवर उभा असताना मला ते रोज आठवू लागलं. आजूबाजूला दीडशेची, दोनशेची, चारशेची गाडी, सगळ्यांच्या मुठी पावच्या आत. जाहिरात पूर्ण थ्रॉटलची, हप्ते पूर्ण थ्रॉटलचे, आणि आयुष्य जातंय स्लो जेटवर. तरी कुठल्याही दुकानात गिऱ्हाईक मेन जेटबद्दल विचारतं. स्लो जेट कोणी मागत नाही.

कामाला मात्र त्यांनी लगेच स्लो जेटपासून सुरुवात केली नाही. आधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट. या बुलेटला इंजिन थंड असताना पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणारी दांडी, बोटांनी फिरला पाहिजे पण वर-खाली हलता कामा नये, एवढंच माप. मग पॉइंटची फट, मग टायमिंग, नवा प्लग. "इग्निशनचा दोष कार्बवर काढायचा न्हाई. सुनेचा राग नातवावर काढल्यासारखं हुतं." मग इंजिन चालू ठेवून त्यांनी कार्बोरेटर आणि हेड जिथे जोडतात तिथे साबणाचं पाणी टाकलं. रेस लगेच बदलली. गाडी हवा खात होती. मी जेट बदलायच्या नादात कार्ब काढून-घालून नट इतके आवळले होते की फ्लँज, म्हणजे जोडाची चपटी कड, वाकला होता. तात्यांनी तो काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासून सपाट केला, नवं पॅकिंग घातलं. सायलेन्सरकडे जाणारा बेंडपाईप हेडमध्ये शिरतो तिथलीही फट बुजवली, कारण तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये पेटतं. फटफटाक निम्मं तिथेच कमी झालं.

उरलेलं निम्मं स्लो जेटचं. व्हीएमच्या बाजूला एक बारीक एअर स्क्रू असतो. तो आत पिळला की हवा कमी, बाहेर काढला की जास्त. ज्या कार्बोरेटरला हा स्क्रू इंजिनाच्या बाजूला असतो तिथे तो बहुधा पेट्रोलचा असतो आणि सगळं उलटं होतं. या एका उलट-सुलटामुळे किती पोरांनी आपल्या गाड्या हैराण केल्या असतील, देव जाणे. इंजिन पुरतं गरम करायचं, स्क्रू अगदी हळू फिरवायचा, जिथे रेस सगळ्यात वर आणि सगळ्यात स्थिर तिथे थांबायचं. तो मुक्काम साधारण दीड फेऱ्याच्या आसपास यायला हवा. माझा अर्ध्या फेऱ्यावरच येत होता, म्हणजे स्क्रू हवा जवळपास बंद करून पेट्रोलसाठी हात पसरत होता. "स्क्रूच सांगतोय, जेट ल्हान हाय." २५ चा स्लो जेट काढून ३० चा घातला. स्क्रू दीड फेऱ्यावर आला. निडलची क्लिप एक खाच खाली, म्हणजे निडल एक पायरी वर.

हे सगळं करताना तात्या दर थोड्या वेळाने उठायचे आणि सायलेन्सरच्या मागे तळहात धरायचे. पस्तीस वर्षं असल्या नळ्यांशेजारी बसून त्यांचा एक कान जवळपास गेला होता. ऐकण्यावर त्यांचा भरवसा नव्हता. हातावर धक्के सारखे येतात का, मध्येच एखादा चुकतो का, धूर कोरडा लागतो की ओलसर, हे ते तळव्यावर वाचायचे. मलाही धरायला लावलं. मला फक्त चटका कळला.

संध्याकाळी मी गाडी घेऊन निघालो. कळव्याच्या पुलावर नेहमीची कोंडी. मूठ जेमतेम हलवली आणि गाडी आवंढा न गिळता सरकली. एवढ्याशा गोष्टीचा मला झालेला आनंद मी घरी कोणालाच समजावून सांगू शकलो नाही.

*

मेन जेट राहिलाच होता. त्याची परीक्षा पूर्ण थ्रॉटलवरच होते, आणि ठाण्यात पूर्ण थ्रॉटल द्यायला जागा कुठे? पाम बीच रोडला आमच्या वयाची सगळी पोरं जायची, पण तिथे टॉप गिअरला मूठ पिळायची म्हणजे कोणाच्या तरी जिवाशी खेळ. तात्यांनी युक्ती सांगितली. परीक्षा वेगाची नसते, भाराची असते. चढ शोध आणि तिसऱ्या गिअरला चढव, वेग साठच्या वर जाणारच नाही.

म्हणून रविवारी पहाटे साडेपाचला गायमुखच्या पुढचा घाट. एका बाजूला राष्ट्रीय उद्यानाचं जंगल, दुसऱ्या बाजूला अंधारात खाडी. नवा प्लग, तिसरा गिअर, मूठ शेवटच्या रेघेवर. चढ संपत आला की एकाच वेळी क्लच दाबायचा आणि हेडलाईटच्या घुमटीवरची चावी फिरवून इंजिन बंद करायचं, म्हणजे प्लगवर बसलेला रंग बंद होत जाणाऱ्या मुठीने बिघडत नाही. कडेला थांबून, बोटं भाजून घेत प्लग काढायचा आणि टॉर्च लावायचा. जुन्या मिस्त्रींच्या डोळ्यांसमोर रंग असतो तो शिशाच्या पेट्रोलचा, टोकापर्यंत छान बदामी. ते पेट्रोल देशभरात १ फेब्रुवारी २००० पासून बंद झालं. आताचा प्लग टोकाला पांढराच दिसतो, खरी खूण असते आत, पांढऱ्या चिनीमातीच्या मुळाशी उमटणाऱ्या कड्यात. ११० वर ते कडं रुंद आणि काजळीचं होतं. १०० वर बारीक, कॉफीच्या रंगाचं. मधला १०५ दुकानात मिळाला नाही, म्हणून १०० वर समाधान. काही मिस्त्री अशा वेळी जेटमध्ये तार घालून भोक वाढवून देतात. तसं करणाऱ्या गॅरेजमधल्या पोराला तात्यांनी एकदा पाना फेकून मारलेला मी पाहिलाय.

तिथे, घाटाच्या कडेला, भाजलेली बोटं तोंडात धरून उभा असताना मला पहिल्यांदाच जाणवलं की सगळं कसं शांत आहे. इंजिन बंद केल्याबरोबर जंगलातून पक्ष्यांचा एवढा गलबला आला की मी दचकलो. तो आधीपासून चालूच असणार.

*

खरं तर गोष्ट इथे संपायला हवी होती. गाडी जमली होती. पण जून आला.

विटाव्याला रेल्वेखालून रस्ता जातो, तिथे दर पावसाळ्यात पाणी साचतं. कंपनीचा डबा वर बंद जागेत तोंड करून असतो, माझा लाल शंकू उघड्यावर. पुढच्या बसने उडवलेली लाट सरळ त्याच्या अंगावर. ओलं कापड हवा सोडेना, गाडीत पेट्रोलच पेट्रोल, धूर काळा, मग ठप्प. गुडघाभर पाण्यातून दीडशे किलोच्या वरचं लोखंड ढकलत बाहेर काढलं. प्लास्टिकची पिशवी बांधून बघितली, ती कार्बने आत ओढून घेतली. शंकूवर झाकण शिवून बघितलं. त्या पावसाळ्यात तीनदा ढकलली. तिसऱ्या वेळी घरी येऊन शिडी लावली आणि माळ्यावरचा डबा काढला. त्यावर पालीने अंडी घातली होती.

सायलेन्सर अजून काही महिने टिकला. तो काढला त्याला पोलीस कारण नव्हते. कायदा होता, आहे. १७५ सीसीच्या वरच्या मोटरसायकलला कारखान्यातून बाहेर पडताना ८० डेसिबलची मर्यादा, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९०(२) खाली दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. पुढे काही शहरांत जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रंही पेपरात आली. पण मला कधी कोणी अडवलं नाही. पहिल्या मजल्यावरच्या आजींना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. मी सकाळी किक मारली की त्यांची सून खिडकी ओढून घ्यायची. ती खिडकी मला रोज दिसायची. बंद होतानाचा आवाज अर्थातच ऐकू यायचा नाही. ती कधी एक शब्द बोलली नाही, जिन्यात भेटली तर हसायची. एका सकाळी गाडी किकला उठेना, मी वाकून प्लगशी खटपट करत होतो, आणि वरून खिडकी सरकल्याचा घर्रर्र आवाज आला. गाडी चालू व्हायच्या आधीच ती बंद करत होती. मला बघून सवयीने.

जुना लांब सायलेन्सर विकून टाकला होता, तसाच दुसरा शोधायला तात्यांनाही दोन आठवडे लागले.

मग सगळं पुन्हा उलट दिशेने. ३० चा स्लो जेट काढून परत २५. निडलची क्लिप परत मधल्या खाचेत. मेन जेट ९५, कारण बोअर केल्यापासून मला पाच नंबरचा धीर जास्त लागतो. एअर स्क्रू दीड फेरा. दोन वर्षं, दोन फिल्टर, एक पिस्टन, आणि हातात उरलेला फरक पाच नंबरचा. त्या नौपाड्याच्या गृहस्थांना कधी रस्त्यात भेटलो तर मी तोंड लपवीन.

पण त्या उलट प्रवासात एक गंमत कळली. सायलेन्सर गप्प झाल्यावर गाडीचं बाकीचं बोलणं ऐकू यायला लागलं. टॅपेट सैल झाला की टिक-टिक, चेन ढिली झाली की सुरसुर, चढावर चुकीच्या गिअरमध्ये असलो की ते बारीक टिंग-टिंग, जे मला शहापूरला ऐकू आलं असतं तर ब्लॉक वाचला असता. आता मी तेवढ्यावर मूठ सोडतो.

*

तात्यांनी गॅरेज बंद केलं त्याला बरीच वर्षं झाली, तिथे आता मोबाईलचं दुकान आहे. १ एप्रिल २०२० ला बीएस-६, म्हणजे धुराचे नवे कडक निकष, आलं आणि नव्या मोटरसायकलींवरून कार्बोरेटर जवळपास गेलाच. आमच्या सोसायटीतली पोरं आता सायलेन्सर बदलतात तेव्हा लॅपटॉप जोडून पेट्रोलचा नकाशा बदलून घेतात. त्यातला एकजण मला म्हणाला, "काका, मी फुल थ्रॉटलचा मॅप एकदम परफेक्ट करून घेतलाय." मी त्याला विचारलं, पाव थ्रॉटलचं काय? तो म्हणाला तिथे स्टॉकच ठेवलंय. मी काही बोललो नाही. चिकटपट्टी देऊ केली असती तर त्याने मला वेड्यात काढलं असतं.

माझ्या गाडीचं पेट्रोलच मधल्या काळात बदललं. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं मिळतं. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, त्याला एका भागाला नऊच भाग हवा पुरते, म्हणून तेवढ्याच जेटमधून तेवढंच मिश्रण गेलं तरी इंजिनाच्या दृष्टीने ते पातळ पडतं. म्हणजे डबा जागेवर, सायलेन्सर कंपनीचा, आणि तरी पुन्हा तीच लटकणारी रेस, तोच आवंढा, अगदी हलका. ओळखीचा वाटला. ह्या वेळी मी मेन जेटकडे बघितलंही नाही. निडल एक खाच वर, एअर स्क्रू पाव फेरा आत. वाटीचं रबर फुगून बसलं होतं ते बदललं. अर्ध्या तासात काम.

पीयूसीवाल्या पोराने गेल्या महिन्यात नळीत काडी घातली. गाडी जुनी, २००० च्या आधीची, म्हणून कार्बन मोनॉक्साइडला साडेचार टक्क्यांची मर्यादा, नंतरच्यांना साडेतीन. मोजतात ते उभ्या गाडीचं, मूठ सोडलेली असताना. म्हणजे सरकारही स्लो जेटच तपासतं. आकडा दोनच्या खाली आला. पोराने दोनदा यंत्र हलवून बघितलं. "काका, काय केलंय गाडीला?"

"काढलंय," मी म्हटलं.

आज सकाळी कासारवडवलीपासून कापूरबावडीपर्यंत पन्नास मिनिटं लागली. मेट्रो ४ च्या खांबांखाली एक डंपर बंद पडला होता. गाडी पहिल्या गिअरमध्ये, क्लच अर्धा, मूठ जेमतेम हललेली. धक, धक, धक. उजव्या हाताच्या तळव्याला मुठीवर अजून किंचित चिकट लागतं. ती पट्टी काढून चौदा वर्षं झाली, पण तिचा डिंक काही केल्या जात नाही.